पांढरी दोनचा रंग



कोल्हापूरला आपण कलापूर म्हणतो आणि गायक अल्लादियाखाँ व चित्रकार आबालाल रेहमान ही नावे एका दमात घेतो. दोघांनाही शाहू महाराजांचा आश्रय होता. आज मी अशा माणसांविषयी बोलणार आहे, ज्यांच्या मनात गाणे आणि रंग निराळे राहतच नाहीत. स्वर कानावर पडला की त्यांना रंग जाणवतो. न मागता आणि दर वेळी तोच. या स्थितीला सिनेस्थेशिया म्हणतात. कुणाच्या अक्षरांना रंग असतो, कुणाच्या वारांना. ब्रिटनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सगळे प्रकार धरून १०० माणसांत सुमारे ४ जण असे निघाले. हे प्रमाण इथे लावले, तर हजार मुलांच्या शाळेत चाळीसेक मुले झाली. ती खरे सांगत असतात, एवढेच मला आज पटवून द्यायचे आहे.

कुणी म्हणेल, यात नवे काय? आपल्या शास्त्रात हे आहेच. खरे आहे. ज्या सिंघण यादवाने पन्हाळ्याच्या भोज शिलाहाराचे राज्य जिंकले, त्याच्याच देवगिरीच्या दरबारी तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात षड्ज कमळाच्या रंगाचा, गांधार सोनेरी, मध्यम कुंदफुलासारखा शुभ्र आहे. पण तिथेच प्रत्येक स्वराला देवता, ऋषी आणि छंदही नेमून दिले आहेत. ती सर्वांनी मानायची मांडणी आहे, एका माणसाला आलेला अनुभव नव्हे. शिवाय आपला षड्ज फिरता असतो. एकीचा सा काळी पाचला, तर दुसऱ्याचा काळी एकला. एखाद्या मुलीचा रंग स्वराच्या उंचीला चिकटलेला असेल, तर गायक बदलताच तिच्या सा चा रंगही बदलेल. तेव्हा ग्रंथातल्या यादीशी जुळत नाही म्हणून तिला खोटे ठरवू नये, असे मला आग्रहाने सांगायचे आहे.

याहून अवघड शंका अशी, की हे खरे असेल तर दोघांचे रंग का जुळत नाहीत? पेटीवर जी पांढरी एक, ती पट्टी रशियन संगीतकार स्क्र्याबिनला लाल वाटे, रिम्स्की-कोर्साकोव्हला पांढरी. पांढरी दोन मात्र दोघांनाही पिवळी. स्क्र्याबिनने आपल्या पट्ट्या षड्ज-पंचम क्रमाने इंद्रधनुष्यासारख्या लावल्या होत्या, म्हणून त्याचे रंग जाणवलेले होते की योजलेले, याबद्दल अभ्यासकांना संशय आहे आणि तो मला रास्त वाटतो. पण दोघांचे जुळावे, ही कसोटीच मुळात चुकीची आहे. ज्याचे त्याच्याशी जुळते का, हे पाहायला हवे. संशोधक नेमके तेच करतात. आगाऊ न सांगता काही महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारतात. सिनेस्थेशिया असलेली माणसे जवळजवळ तीच उत्तरे देतात. इतरांची उत्तरे थोड्याच दिवसांत विस्कटतात.

मग ही निव्वळ कल्पना तर नाही? अमेरिका आणि मेक्सिकोत २०१३च्या एका अभ्यासात साध्या श्रोत्यांना संगीत ऐकवून रंग निवडायला सांगितले. द्रुत, आनंदी संगीताला त्यांनी उजळ, पिवळसर रंग दिले. संथ, उदास संगीताला गडद, निळसर. म्हणजे भावनेच्या वाटेने सूर आणि रंग आपण सगळेच जोडतो. पण ते श्रोते रंग निवडत होते. सिनेस्थेशियात निवड नसते, रंग आपसूक येतो. म्हणून त्याला आजार म्हणू नये आणि दैवी देणगीही म्हणू नये. हे रंग जाणवतात म्हणून कुणी गायक होत नाही; रियाज त्यालाही चुकत नाही.

संगीत शिक्षकांना माझी एक विनंती आहे. एका तासाला पेटीवर बारा स्वर उलटसुलट क्रमाने वाजवा आणि ज्यांना रंग जाणवतो, त्यांना तो खडूने कागदावर उतरवू द्या. ज्यांना जाणवत नाही, त्यांचा कागद कोरा राहू द्या. कागदांवर तारीख घालून ते कपाटात ठेवा, मुलांना परत देऊ नका. तीन महिन्यांनी क्रम बदलून पुन्हा विचारा, आणि दोन्ही कागद त्या मुलांसमोरच शेजारी ठेवा.