कांडी भरायला ये

आजच्या भागात मागून सतत खट-खट ऐकू येईल. एडिट करताना ते काढून टाकणार होतो, पण ठेवलं. तो हातमागाचा आवाज आहे. हा भाग मी आंधळगावात, मित्राच्या घरी, खाटेवर फोन ठेवून रेकॉर्ड केलाय.

आंधळगाव म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं आमचं गाव. कोशाच्या साड्यांचं गाव. कोसा म्हणजे टसर. ही अळी घरात तुतीच्या पाल्यावर वाढत नाही. ती बाहेर ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढते आणि पाखरांपासून, मुंग्यांपासून तिची राखण करावी लागते. कोष उकळून धागा काढतात. मधासारखा त्याचा रंग मुळातलाच असतो, कुणी दिलेला नाही.

आम्ही शाळेपासूनचे चौघं. एक मास्तर झाला, एकाचं तुमसरला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, मी पुण्यात कोड लिहितो आणि चौथा मागावर बसतो. नावं सांगत नाही, ऐकलं तर शिव्या घालतील. लहानपणी आमचा अड्डा याच घरात असायचा, पण फुकट बसायला मिळायचं नाही. काकाजी म्हणायचे, "बसाचं असन त कांड्या भरा." मग आम्ही चरख्यावर कांड्या भरत गप्पा मारायचो. एका हातानं चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून धागा सोडायचा. चिमूट सैल पडली तर धोटा फेकताना कांडीवरचा धागा ढासळतो, जास्त आवळली तर तुटतो. काकू मुरमुऱ्याचा चिवडा द्यायच्या. आम्हाला वाटायचं आपण टाइमपास करतोय, आणि काकाजींचं अर्ध्या दिवसाचं काम होऊन जायचं. (हसू)

आता खरी गोष्ट. मागच्या वर्षी मी एक शहाणपणा केला. त्याच्या साड्यांचे फोटो काढले, ऑनलाइन पेज बनवलं, 'ऑर्डर करा' असं बटणही लावलं. महिन्याभरात एका कार्यक्रमासाठी बारा करवती साड्यांची ऑर्डर आली. मुदत एक महिना. मी त्याला न विचारता हो म्हटलं, ॲडव्हान्सही घेतला. मग खुशीत फोन केला.

करवती काठ म्हणजे करवतीच्या दातांसारखा. तो विणताना तीन धोटे चालतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक, आणि दर ओळीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवावा लागतो. त्याच्या हातानं एका साडीला आठ-दहा दिवस लागतात. बारा साड्या म्हणजे तीन महिन्यांच्या वर. हा गुणाकार मी केलाच नव्हता. ऑफिसात कामाचे अंदाज बांधणं हेच माझं काम, हे कृपया कुणी माझ्या मॅनेजरला सांगू नका.

तो एवढंच म्हणाला, "माग म्हणजे सर्व्हर नाई बे, का लोड आला तं आनखी एक लावला." ऑर्डर रद्द झाली, ॲडव्हान्स परत केला. त्यानंतर सात महिने आमचं बोलणं बंद. ग्रुपवर मास्तरचे गुड मॉर्निंग तेवढे यायचे.

मला राग याचा होता, की मी त्याच्या भल्यासाठीच केलं होतं ना! पुढे कधीतरी हातमाग गणनेचे आकडे वाचले. 2019-20 च्या गणनेत देशात 35 लाखांवर हातमाग कामगार मोजले, त्यात साडेआठ लाखांच्या आसपास विणकर नव्हते, ते पूरक कामं करणारे होते. म्हणजे ताणा लावणारे, कांड्या भरणारे. तेव्हा लक्षात आलं, लहानपणी आम्ही या दुसऱ्या रांगेत होतो. आता त्या घरात काकूंच्या गुडघ्यानं दगा दिलाय आणि कांड्याही तोच भरतो. मी फोटो काढायला गेलो होतो, तेव्हा चरखा माझ्या समोरच पडला होता.

यंदा दिवाळीत गेलो. आमच्याकडे झाडीपट्टीत भाऊबीजेपासून मंडई सुरू होतात, पाहुणे येतात, रात्री नाटक. मंडईच्या आदल्या सकाळी त्याच्या दारात उभा राहिलो. त्यानं मान वर केली नाही.

"काहून आला?"

"कांड्या भराले."

"येते का अजून?"

"नाई येत."

"तं बस मंग."

तासाभरानं मास्तर आला, दुपारी दुकानवाला उकडलेले शिंगाडे घेऊन आला. शिंगाडे सोलून हात काळे झाले की धाग्याला हात लावायचा नाही, हा काकाजींचा जुना नियम. ते कोपऱ्यातून अजूनही ओरडतात. पेजबद्दल शेवटी त्यानंच काढलं. फोटो राहू दे म्हणाला, बटण काढ, खाली माझा नंबर टाक, लोकं माझ्याशी बोलतील. बटण तिथंच बसून काढलं. त्याला दोन मिनिटं लागली. साडी कधी होईल हे आता तोच सांगतो, आणि लोक थांबतात का, तर काही थांबतात, काही नाही.

दिवसभरात मी अकरा कांड्या भरल्या. चार त्यानं परत माझ्या अंगावर फेकल्या, सैल म्हणून. त्या पुन्हा भरल्या. दुसऱ्या रात्री चौघं नाटकाला गेलो आणि मास्तर पहिल्याच अंकात झोपला.