आधी निदान, मग बदल : गाडीतील कंट्रोल बॉक्स
(सोलापूर येथे शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी कृषिविद्या शिकवतो, गॅरेज चालवत नाही. तरीही आज गाडीतील एका डब्याविषयी बोलणार आहे. कांदा घेऊन रात्री पिकअप सोलापूरच्या बाजार समितीकडे निघावी आणि वाटेत हेडलाइट, वायपर, इंडिकेटर एकदम बंद पडावेत, हे जिवावर बेतू शकते. मग गॅरेजमध्ये ऐकायला मिळते, "बॉडी कंट्रोल मॉड्यूल गेला, नवा टाका." खर्च हजारो रुपयांचा. तो खरोखर गेला आहे काय, हे आधी पाहिले पाहिजे.

हा डबा काय करतो?

जुन्या जीपमध्ये बटण दाबले की वीज रिलेमधून दिव्याकडे जाई. नव्या गाडीत बटण फक्त निरोप देते. दिवा लावतो तो हा डबा. इंडिकेटर, वायपर, हॉर्न, दरवाजाचे लॉक, काचा आणि अनेक गाड्यांत चावीची ओळखसुद्धा त्याच्याकडे असते. इंजिनचा डबा वेगळा. दोन्ही डबे पीळ घातलेल्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक निकष लागू झाले. त्यामुळे त्यांच्या इंजिनवरही इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले आहे. म्हणजे हा विषय आता आपल्या बांधावर आला.

निदान कसे करावे?

आपल्या चुनखडीच्या जमिनीत उसाची कोवळी पाने पिवळी पडली की काहीजण युरिया टाकतात. पण लोह जमिनीत असूनही मुळांना मिळत नसेल, तर युरिया काय करणार? गाडीचेही तसेच आहे. एकच दिवा बंद असेल तर बल्ब व फ्यूज पाहा. अनेक गोष्टी एकदम बंद पडल्या तर पुढील क्रमाने तपासा :

१. बॅटरी : इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. टर्मिनलवरील पांढरा-हिरवा थर साफ करावा.

२. फ्यूज : तेवढ्याच अँपिअरचा बसवावा. तार किंवा चांदी कधीही लावू नये.

३. अर्थिंग : बॉडीला बोल्टने जोडलेली तार गंजलेली अगर सैल नाही ना, हे पाहावे.

४. वायरिंग : शेतातील घरात, कडब्याजवळ उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात. फवारणीच्या एचटीपी पंपाने गाडी धुताना कनेक्टरमध्ये पाणी जाते.

५. स्कॅनर : शेवटी कोड वाचून घ्यावा व लिहून ठेवावा. 'बी' ने सुरू होणारा कोड बॉडीचा, 'यू' ने सुरू होणारा डब्यांच्या आपसातील संपर्काचा असतो.

डबा सापडतो कुठे, बदलतात कसा?

बहुतेक गाड्यांत तो डॅशबोर्डखाली, फ्यूज बॉक्सजवळ किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. नक्की जागा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळते. गाडी वॉरंटीत असल्यास अधिकृत केंद्रातच जावे.

काढण्यापूर्वी स्कॅनरने जुन्या डब्यातील माहिती वाचून जतन करून घ्यावी. डब्यावरील पार्ट नंबर नव्याशी जुळवावा. जोडणीचा फोटो काढावा. चावी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी व काही मिनिटे थांबावे. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावू नये. कनेक्टरची खिट्टी दाबूनच तो काढावा, वायर ओढू नये. नवा बसवल्यावर त्यात गाडीची माहिती भरावी लागते आणि अनेक गाड्यांत चाव्याही नोंदवाव्या लागतात. म्हणून सर्व चाव्या सोबत न्याव्यात.

भंगारातला डबा स्वस्त मिळतो. पण अनेक गाड्यांत तो मूळ गाडीच्या नंबराशी व चावीशी बांधलेला असतो. तो आपल्या गाडीत चालेल, असे लेखी मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

डबा टिकवायचा कसा?

पिकअपला कॅरिअर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी सोडवा. दुसऱ्या बॅटरीवरून गाडी सुरू करताना प्लस-मायनस दोनदा पाहा. जादा फोकस किंवा मोठा हॉर्न मूळ वायर कापून जोडू नका; वेगळा रिले व फ्यूज घाला.

गॅरेजमध्ये एवढेच विचारा : "बॅटरी, फ्यूज, अर्थिंग पाहिले का? कोड काय आला?" उत्तर मिळाल्याशिवाय डबा बदलू देऊ नका, आणि बदललाच तर जुना परत मागून घ्या.