घरची गोल करवत

(साक्षरता वर्गात केलेले भाषण)



हा माझा डावा हात बघा. मागे बसलेल्यांना दिसतो ना? अंगठ्याजवळच्या बोटाचे वरचे पेर नाही. नवी ओळख झाली की लोक विचारतात, "गुरुजी, हे जन्मापासून का?" नाही. हे बोट २०१९ सालच्या पावसाळ्यात गेले. कुणी कापले? मीच कापले. लाकूड कापायच्या यंत्रावर.

मागच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर आपल्यातल्या एक वहिनी थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, आमचे हे करवतीचं मशिन घ्यायचं म्हणताहेत. बचत गटातून कर्ज काढू म्हणतात. स्वस्तातलं कोणतं घ्यावं?" मी म्हटले, "वहिनी, याचे उत्तर उभ्या उभ्या देता यायचे नाही. सगळ्यांसमोर सांगतो." म्हणून आज धडा बाजूला ठेवला आहे.

गोल करवत तुम्ही पाहिली असेल. एक मेज असते. मेजाच्या मधोमध लांब फट असते. खाली मोटार बसवलेली असते. फटीतून गोल पाते वर डोकावते. दुकानदार तिला टेबल सॉ म्हणतो. हातकरवतीत लाकूड स्थिर असते आणि करवत हलते. इथे उलटे आहे. करवत जागच्या जागी फिरते, आणि लाकूड आपण ढकलतो. ढकलणारा हात पात्याकडे जातो. सगळी गोम इथेच आहे.

पाते फिरते तरी किती? हे गणित आपण फळ्यावर करू. १० इंची पात्याचा घेर सुमारे ८० सेंटिमीटर. मिनिटाला ४,८०० फेरे धरा. म्हणजे एका सेकंदात ८० फेरे. ८० गुणिले ८०, म्हणजे ६,४०० सेंटिमीटर. म्हणजे ६४ मीटर. एका सेकंदात पात्याचा दात ६४ मीटर पळतो. तासाला २३० किलोमीटर होतात. आपली एस.टी. एवढ्या वेगाने कधी पळणार नाही. तुम्ही म्हणाल, "बोट लागलं तर पटकन मागे घेऊ." बोट लागले हे कळायच्या आत काम झालेले असते.

आता दुसरी गोष्ट. पात्याचा पुढचा भाग, म्हणजे आपल्या बाजूचा, वरून खाली जातो. तो लाकूड मेजावर दाबून धरतो. हे चांगले. पण मागचा भाग खालून वर येतो, आणि वर आला की आपल्याकडे धावतो. लाकूड त्या मागच्या दातांना चिकटले की दात ते उचलतात आणि आपल्याच अंगावर फेकतात. हे कधी होते? चिरलेली फट मागे मिटली तर. लाकूड वाकडे असले तर. लाकूड ओले असले तर. आपण लाकूड तिरके ढकलले तर.

जुने सुतार मोठा ओंडका करवतीने चिरताना फटीत पाचर मारीत. फट मिटू नये, करवत अडकू नये म्हणून. तीच युक्ती यंत्रात आहे. पात्याच्या मागे, अगदी जवळ, पोलादाची एक पातळ पट्टी उभी असते. ती चिरलेल्या फटीत शिरते आणि फट मिटू देत नाही. आपण तिला पाचरच म्हणू. यंत्राला ही पाचर नसेल तर ते यंत्र फुकट मिळाले तरी घरी आणू नका. माझ्या यंत्राला ती नव्हती.

माझे यंत्र म्हणजे काय होते, तेही सांगतो. निवृत्त झालो होतो. हाताला काम हवे होते. माझे वडील सुतारकाम करीत. लहानपणी मी रंधा मारला होता, त्यामुळे मला वाटे आपल्याला सगळे येते. पैसे वाचवायचे म्हणून मी हातात धरायचा ४ इंची कटर घेतला. प्लायवुडच्या फळीला भोक पाडले. कटर उलटा करून खालून आवळला. बटण दाबलेलेच राहावे म्हणून सुतळीने बांधून टाकले. झाले यंत्र! असली यंत्रे तुम्हांला गावोगाव दिसतील. तो कटर हातात धरण्यासाठी केलेला असतो. त्याचे फेरे मिनिटाला बारा-तेरा हजार. त्याला पाचर नाही, वरचे झाकण मी काढलेले, आणि बंद करायचे तर खाली वाकून सुतळी सोडायची.

त्या दिवशी कपाटासाठी बाभळीच्या पट्ट्या चिरत होतो. शेवटची पट्टी अरुंद राहिली. दोन बोटे रुंद. काठीने ढकलायला हवी होती. काठी कोपऱ्यात होती. चार पावलांवर. मी आळस केला आणि बोटाने ढकलली. बाभळीत गाठ होती. लाकूड उसळले आणि निघून गेले. लाकूड होते तिथे माझा हात गेला. दुखले नाही, खोटे सांगत नाही. पहिल्यांदा मेजावरचे रक्त दिसले.

आमच्या मंडळींनी धुतलेला पंचा घट्ट दाबून धरला. तुटलेला तुकडा शोधला आणि डब्यात बर्फ घालून त्यावर ठेवला. त्यांनी चांगल्या बुद्धीने केले. पण डॉक्टर म्हणाले, तुकडा थेट बर्फावर ठेवायचा नसतो. त्याने तो गारठून खराब होतो. स्वच्छ कापड थोडे ओले करून त्यात तुकडा गुंडाळायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचे, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. जखम दाबून धरायची, हात वर उचलून ठेवायचा. १०८ क्रमांकाला फोन लावायचा. हे पुढे कुणाच्या तरी कामाला येईल. वह्यांत लिहून घ्या. मी थांबतो.

लिहिले? आता खरेदीचे बोलू.

पहिला प्रश्न, यंत्र हवे का? वर्षातून दोन दरवाजे आणि एक चौरंग करायचा असेल तर नको. लाकूड आरा गिरणीवर चिरून आणा आणि घरी हातकरवत, रंधा यांवर काम भागवा. प्लायवुड कापायचे असेल तर हातात धरायची चांगली गोल करवत घ्या. फळीला सरळ पट्टी शिकंज्याने आवळा आणि तिच्या कडेने चालवा. ते स्वस्तही पडते. पण आठवड्याला काम असेल, लोकांची कामे घ्यायची असतील, तर टेबल सॉ उपयोगाची. कर्ज काढायचे तर महिन्याला किती काम मिळते ते आधी वहीत मांडा. सहा महिन्यांचे मांडा. नुसत्या उमेदीवर हप्ता फिटत नाही.

दुकानात गेलात की यंत्राच्या अंगावरची पत्र्याची पाटी वाचा. अक्षरे इंग्रजी असली तरी आकडे तुम्ही मागल्या महिन्यात शिकलात. व्ही अक्षराजवळ २३० च्या आसपास आकडा हवा. डब्ल्यू म्हणजे वॅट. १० इंची पात्याला दीड ते दोन हजार वॅट पुरे. आर.पी.एम. म्हणजे मिनिटाचे फेरे. तो आकडा लिहून घ्या. मग पाते उचला. पात्यावरही एक आकडा कोरलेला असतो. हे पाते जास्तीत जास्त किती फेरे सोसेल, तो आकडा. पात्याचा आकडा यंत्राच्या आकड्यापेक्षा मोठा हवा. लहान असेल तर ते पाते लावू नका. दुकानदार म्हणेल, "चालतंय हो, सगळे लावतात." तुम्हांला वाचता येते, हे त्याला दिसू द्या.

मोटारीची ताकद, लाल उजेडाची रेघ, यावर दुकानदार भर देईल. तुम्ही आडपट्टी पाहा. लाकूड जिच्या कडेने सरकते ती सरळ पट्टी. स्वस्त यंत्रात रडगाणे असते ते हिचेच. ती आवळा आणि टोकाला हाताने ढकला. हलली तर यंत्र नको. मग पात्याच्या पुढच्या दातापासून आडपट्टीपर्यंत माप घ्या. पाते फिरवून तोच दात मागे न्या आणि पुन्हा माप घ्या. दोन्ही मापे सारखी हवीत. मागे अंतर कमी भरले तर लाकूड तिथे चेपते आणि अंगावर येते. आडपट्टी हलवून नीट करता आली तर ठीक. पात्याला गुण्या लावून काटकोन तपासा. मेजावर पोलादी पट्टी उभी धरून खालून उजेड दिसतो का ते बघा.

बटण पुढे हवे, मोठे हवे, मांडीने दाबून बंद करता यावे असे हवे. आणखी एक विचारा. "वीज गेली आणि परत आली, तर यंत्र आपोआप सुरू होतं का?" आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते तुम्हांला ठाऊक आहे. माणूस पात्यावरचा भुसा झटकत असावा आणि वीज यावी, म्हणजे काय होईल? चांगल्या बटणात वीज आली तरी यंत्र बंदच राहते. पुन्हा दाबावे लागते. असेच बटण घ्या.

अमेरिकेत स्टीफन गॅस नावाचे एक गृहस्थ आहेत. व्यवसायाने वकील, लाकूडकामाचे हौशी. त्यांनी १९९९ साली अशी युक्ती काढली की बोट पात्याला लागताच यंत्राला ते कळते आणि पाते जागीच जाम होते. सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत! पण आपल्या खिशाला परवडणाऱ्या यंत्रात ते नसते. तेव्हा आपली अक्कल आणि काठी.

विजेची जोडणी आपल्या हाताने करू नका. १,८०० वॅटचे यंत्र सुमारे ८ अँपिअर वीज ओढते. पंख्याच्या लहान पिनेवर ते चालवायचे नाही. मोठी, १६ अँपिअरची, तीन भोकांची जागा हवी. अर्थिंग हवे. लांबून वायर ओढायची तर जाड हवी, अडीच चौरस मिलिमीटरची. बारीक वायर तापते आणि मोटारीचा जीव जातो.

पाती दोन ठेवा. लाकूड उभे चिरायला २४ दातांचे. प्लायवुड आणि आडवे कापायला ६० दातांचे. एकच घ्यायचे तर ४० दातांचे. पाते स्वतः लाकूड खाते, हे विसरू नका. १० इंची पाते साधारण एक सूत खाते. १२ इंची फळीतून ३ इंचाच्या चार पट्ट्या निघत नाहीत, बरं का. तीन वेळा चिरले, तीन सूत भुसा झाला. शेवटची पट्टी २ इंच ५ सूत भरते. गिऱ्हाईक मापाला चुकत नाही.

आता चालवायचे कसे? लाकडाची एक कड आधी रंध्याने सरळ करा. तीच कड आडपट्टीला लागेल. पाते लाकडापेक्षा एक दातभर वर ठेवा, जास्त नको. पात्याच्या रेषेत उभे राहू नका, जरा डावीकडे सरा. फेकलेले लाकूड रेषेत येते. वीतभर रुंदीपेक्षा लाकूड अरुंद असेल तर ढकलकाठी वापरा. काठीला एक खाच करा, म्हणजे लाकूड धरेल. ती काठी यंत्रालाच दोरीने अडकवून ठेवा. चार पावलांवर ठेवू नका. मी का सांगतो ते तुम्हांला कळले आहे.

नुसत्या हाताने धरून, कशाचाही आधार न घेता, कापू नका. आडवे कापताना सरकता गुण्या लावाल, तेव्हा आडपट्टी दूर करा. दोन्ही एकदम लावल्या तर कापलेला तुकडा मध्ये अडकतो आणि गोळीसारखा सुटतो. जुन्या वाड्याची तुळई आणाल, तर आधी खिळे शोधून उपसा. पाते फिरत असताना ढलप्या हाताने काढू नका. पाते बदलताना पिन भिंतीतून काढा आणि खिशात ठेवा.

हातमोजे घालू नका. पुष्कळांना वाटते हातमोज्याने हात वाचतो. उलट दात मोज्याचा धागा पकडतो आणि हात आत ओढतो. धोतराचा सोगा, उपरण्याचे टोक, पदर, हातातले कडे, सगळे आवरा किंवा उतरवा. डोळ्यांवर चष्मा, तोंडाला मुसके. भुसा साधा समजू नका. लाकडाचा भुसा वर्षानुवर्षे नाकात गेल्याने नाकाचा कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली नोंदवले आहे. यंत्र पडवीत ठेवा. स्वयंपाकघराच्या दाराशी नको. पोरे लांब.

वहिनी, तुम्ही विचारलेत, कोणते घ्यावे? पाचर आणि झाकण असलेले, आडपट्टी न हलणारे, वीज आल्यावर आपोआप सुरू न होणारे. पैसे कमी पडले तर १० ऐवजी ८ इंची घ्या. ते अडीच इंचापर्यंत जाडी कापू शकते. अडीच इंची चौकट कापायची असेल, तर पाते पूर्ण वर काढून दुकानातच मोजून घ्या. तेही परवडेना तर थांबा. माझ्यासारखे सुतळीचे करू नका.

आणि मालकांना पुढच्या बुधवारी वर्गाला घेऊन या. माझ्याकडे आता नीट यंत्र आहे. ते मी बैलगाडीत घालून इथे आणणार आहे. वीज जोडायची नाही. पाटी प्रत्येकाने वाचायची, पात्यावरचा आकडा वाचायचा, आणि पुढचे-मागचे माप घेऊन वहीत लिहायचे. येताना प्रत्येकाने पट्टी आणि पेन्सिल आणा. ढकलकाठीसाठी हातभर लांबीचा लाकडाचा तुकडाही आणा. खाच मी करून देईन.