पेशींचे सचिवालय

बंगळूरच्या विधानसौधात कोणी चोर पकडीत नाही की पूल बांधीत नाही. तरी तेथून हुकूम सुटल्यावाचून राज्याचे गाडे हालत नाही. आपल्या शरीरातही असे एक सचिवालय आहे. छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत परिपक्व होणाऱ्या साहाय्यक टी पेशी, हेच ते सचिवालय.

या पेशी स्वतः सहसा जंतूंशी झुंजत नाहीत. पहारेकरी पेशी शत्रूचा एखादा तुकडा त्यांच्यापुढे पुराव्यादाखल ठेवतात. पुरावा पटला, की त्या रासायनिक संदेश धाडतात. मग बी पेशी नेमकी प्रतिद्रव्ये बनवू लागतात, मारक पेशींना बळ चढते आणि भक्षक पेशी गिळलेल्या जंतूंचा फडशा पाडतात.

एच.आय.व्ही. हा विषाणू नेमका या सचिवालयातच शिरतो. साहाय्यक पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी-४ हे प्रथिन धरून तो आत येतो. खरे कपट पुढेच आहे. शत्रूची चाहूल लागून पेशी जागी झाली, की एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन तिच्या केंद्रकात जाऊन जनुके कार्यान्वित करते. विषाणूने आपल्या जनुकद्रव्यातही या प्रथिनासाठी जागा राखून ठेवल्या आहेत. भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या ‘सी’ उपप्रकारात त्या सहसा ३ असतात. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील उदयकुमार रंगा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ४ जागा असलेले विषाणू नोंदविले. पेशी कर्तव्यास उभी राहते, तोच क्षण शत्रूच्या वाढीचा ठरतो! सरकारी शिक्का वापरूनच कोणी खोटे हुकूम काढावेत, तसा हा प्रकार.

निरोगी प्रौढाच्या रक्तात दर घन मिलिमीटरला या पेशी साधारण ५०० ते १,५०० असतात. २००४ साली कर्नाटक-महाराष्ट्रासह काही राज्यांत सरकारने मोफत औषधे देण्यास आरंभ केला, तेव्हा फारशी लक्षणे नसलेल्या रुग्णाला हा आकडा २०० च्या खाली येईपर्यंत सामान्यतः थांबावे लागे. साधने तुटपुंजी असली की नियमाला कोठेतरी रेघ ओढावी लागते, हे आम्हां शासनातील माणसांना ठाऊक आहे. पण २१० आकड्याच्या माणसाने अधिक खंगण्याची वाट पाहावयाची, असाच त्या रेघेचा अर्थ होता. २०१७ साली ती रेघ पुसली गेली. आता आकडा कितीही असो, निदान झाले की औषध मिळते. विषाणूची वाढ रोखली, की पेशींची संख्या पुन्हा वाढू लागते.

म्हणून शंका येताच रक्त तपासून घेण्यात संकोच नसावा. सचिवालय शाबूत आहे, तोवरच ते राखणे सोपे!