थांबेल की चालतच राहील?



संगणक शिकणाऱ्या मुलांना एक प्रश्न पडू शकतो.
कुठलाही प्रोग्रॅम थांबेल की नाही,
हे सांगणारा एखादा प्रोग्रॅम लिहिता येईल का?

नाही येणार.
ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली हे सिद्ध केलं.

समजा, असा जाणकार प्रोग्रॅम आहे.
त्यालाच पोटात घेऊन दुसरा लिहू, जो जाणकाराला स्वतःबद्दलच विचारेल.
जाणकार म्हणाला, 'तू थांबशील'…
हा चालतच राहील.
म्हणाला, 'थांबणार नाहीस'…
हा लगेच थांबेल.
जाणकार दोन्हीकडून खोटा पडला!

एखाद्या प्रोग्रॅमचं सांगता येतं.
सगळ्यांचं सांगणारा एकच जाणकार नाही.

जिथे सांगता येतं, त्याचं उदाहरण म्हणजे देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांचा खेळ.
चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत.
अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या.
मोठीतून लहान वजा करा.
पुन्हा तेच; उत्तर तीन अंकी आलं, तर आधी शून्य धरा.
जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतेच.
इथे खात्री देता येते,
कारण चार अंकी संख्या मोजक्याच. एकेक तपासता येते.

आता दुसरा खेळ.
संख्या सम असेल तर निम्मी करा.
विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा.
पुन्हा पुन्हा हेच केलं, तर शेवटी नेहमी १ येतो का?
संख्यांना अंत नाही, श्रोतेहो.
आणि याची सिद्धता आजवर कुणालाच सापडलेली नाही.