परदेशातील रोकड आणि वटणावळ



या व्यासपीठावरून विद्वान माणसे बोलून गेली आहेत. माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा अर्थशास्त्राचा सिद्धान्त माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. कामगाराची पगारचिठ्ठी वाचायची आणि तिच्यातली एकेक कपात मालकाला विचारायची, हा माझा तीस वर्षांचा उद्योग. पण परदेशात बँकेच्या कार्डावर रोकड काढताना माझ्याच डोळ्यांसमोर झालेली कपात मला वाचता आली नाही. ती हकीकत आज सांगतो. आपल्यापैकी पुष्कळजण मुलांकडे अमेरिकेला जातात, सहलीला युरोपात जातात. विषय आता परका राहिलेला नाही.

२०२३ च्या जूनमध्ये कामगारांच्या एका बैठकीसाठी मी जिनिव्हाला गेलो. तिकीट आणि मुक्काम बोलावणाऱ्यांचा, वरखर्च आमच्या युनियनच्या निधीतला. आमच्या सभासदाची वर्षाची वर्गणी शंभर रुपये. त्या पैशावर परदेशात चहा पितानाही घशाशी काहीतरी अडकते.

स्टेशनातल्या यंत्रात कार्ड घातले, पिन दाबला, ४०० फ्रँक मागितले. तोच पडद्यावर रुपयांत आकडा झळकला : ३९,६००. खाली दोन बटणे, एक ‘मान्य’ आणि एक ‘अमान्य’. परमुलखात आपला रुपया दिसला की घरचे माणूस भेटल्यासारखे वाटते. शिवाय ‘अमान्य’ दाबले तर पैसे मिळणार नाहीत, कदाचित कार्डही आतच राहील, अशी धास्ती. मागे रांग उभी. मी ‘मान्य’ दाबले आणि नोटा घेऊन निघालो.

परत आल्यावर हिशेब कार्यकारिणीपुढे ठेवला. आमचे खजिनदार जन्मभर लेथवर काम केलेले. सुताएवढा फरकसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्यांनी त्या दिवशीचा दर काढून आणला होता. फ्रँक सुमारे ९२ रुपये होता. म्हणजे ४०० फ्रँकांचे ३६,८०० झाले. ते म्हणाले, “अप्पा, वरचे अठ्ठावीसशे कुणाला दिलेस?” मला उत्तर देता येईना. पोलाद कारखान्याच्या मालकाला मी जो प्रश्न शंभरदा विचारला, तोच मला विचारला जात होता.

उत्तर मी नंतर शोधून काढले. आपल्या जुन्या पेढीवर दोन शब्द होते, हुंडणावळ आणि वटणावळ. एका गावचा पैसा दुसऱ्या गावी, एक नाणे दुसऱ्या नाण्यात. मधला माणूस आपला वाटा घेणारच. प्रश्न एवढाच की तो मधला माणूस कोण, आणि दर कोण ठरवतो. मी ‘मान्य’ दाबले तेव्हा फ्रँकांचे रुपये त्या यंत्रवाल्याने आपल्या दराने केले. ‘अमान्य’ दाबले असते, तरी नोटा त्याच मिळाल्या असत्या. व्यवहार फ्रँकांत नोंदला गेला असता, रुपये व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने झाले असते आणि त्यावर माझ्या बँकेने आपला आकार लावला असता. ‘अमान्य’ म्हणजे पैसे नकोत असे नव्हे. तुमची वटणावळ नको, एवढेच.

बँक काही धर्मादाय करते असेही नाही. पुष्कळ कार्डांवर हा आकार साडेतीन टक्के असतो आणि आकारावर १८ टक्के जीएसटी. माझ्या हिशेबात ते साधारण १,५२० रुपये झाले असते. म्हणजे निव्वळ अज्ञानाचे १,२८० रुपये : बारा-तेरा सभासदांची वर्षाची वर्गणी! (रोकड काढण्याची ठरावीक फी निराळी, ती दोन्हीकडे लागते, म्हणून दहा वेळा थोडे थोडे काढू नये.) खजिनदारांनी ही रक्कम प्रवासखर्चात धरली नाही. वहीत लिहिले, “वटणावळ, अज्ञानामुळे, अप्पांकडून वसूल”, आणि ती मी भरली.

दुकानात, खाणावळीतही हाच प्रश्न हातातल्या छोट्या यंत्रावर येतो. तिथे धोका असा की वेटर स्वतःच बटण दाबून मोकळा होतो. यंत्र आपल्या हाती मागावे. पावतीवर रुपये छापले असतील तर तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून त्या देशाच्या चलनात पुन्हा करायला सांगावे. भाषा येत नसली तरी बोटाने दाखवता येते.

हे यंत्र बाजारात आणणाऱ्यांपैकी जॉन शेफर्ड-बॅरन हा गृहस्थ जन्माने आपल्या शिलाँगचा. २७ जून १९६७ रोजी लंडनच्या एन्फील्ड भागात बार्कलेज बँकेने त्याचे पहिले यंत्र बसवले. त्यात कार्ड नव्हते, खुणेचा कागद घालायचा आणि दहा पौंड घ्यायचे. रुपयाचे गोड आमिष तेव्हा नव्हते.

निघण्यापूर्वीची तयारी थोडक्यात सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर २०२० पासून नवे कार्ड फक्त देशातच चालू होऊन येते. परदेशासाठी ते आपणच बँकेला सांगून किंवा मोबाइलवरून उघडून घ्यायचे. हे न केल्यामुळे आमच्या एका सोबत्याचे दोन दिवस उसनवारीवर गेले. क्रेडिट कार्डावर रोकड काढू नये, त्याचे व्याज पहिल्या दिवसापासून धावते. दोन कार्डे दोन वेगळ्या बँकांची घ्यावीत आणि एकाच पाकिटात ठेवू नयेत. बँकेचा परदेशातून लागणारा फोन नंबर कागदावर लिहावा. १८०० चा फुकट नंबर तिकडून बहुधा लागत नाही. रोकड शक्यतो बँकेच्या शाखेला लागून असलेल्या यंत्रातून, शाखा उघडी असताना काढावी. कार्ड अडकले तर विचारायला माणूस असतो. खात्यातून पैसे गेले आणि नोटा आल्या नाहीत, तर पावती, वेळ आणि जागा टिपून आपल्याच बँकेकडे तक्रार करावी.

आता प्रश्न विचारा. ज्यांना आपल्या कार्डाबद्दल काही दाखवायचे असेल, त्यांनी सभा संपल्यावर मागच्या दाराशी यावे, मी थांबतो. कार्ड दाखवा, पिन मात्र मलाही सांगू नका.