खराटा कोणाच्या हातात?

(अमरावतीला झालेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



‘प्रतीकं आणि विचारसरणी’ असा जड विषय माझ्या वाट्याला आलाय. मी घरातलीच वस्तू घेऊन बोलते. आपल्या वऱ्हाडात घरात फडा आणि अंगणात खराटा. तिकडे पुण्याकडे केरसुणी.

लक्ष्मीपूजनाला आपण नवा फडा आणतो, त्याला हळदकुंकू वाहतो. तो लक्ष्मी. पाय लागला तर नमस्कार करायचा. दिवेलागणीनंतर झाडायचं नाही, लक्ष्मी निघून जाते. हे सगळे नियम जी झाडते तिलाच पाळायचे असतात. आणि ही लक्ष्मी बांधणारे हात कोणाचे? परंपरेनं मातंग समाजाचे. शिंदीचे फडे बांधून बाई दारोदार विकत फिरते, तेव्हा ती ओट्याखाली उभी असते आणि आपण एकेका रुपयासाठी घासाघीस करतो. पूजा फड्याची होते, तिची नाही.

रोलां बार्थ या फ्रेंच लेखकाचं ‘मिथॉलॉजीज’ हे पुस्तक १९५७ साली निघालं. साबणाच्या जाहिराती, कुस्ती, खेळणी असल्या रोजच्या गोष्टींवर त्यानं लिहिलंय. माणसांनी घडवलेली गोष्ट जणू निसर्गानंच तशी केली आहे असं भासवणं, हे मिथकाचं काम असं तो दाखवतो. झाडणं बाईचं काम हे कधीतरी कोणीतरी ठरवलं. फड्याला कुंकू लागलं की ते ठरवणं दिसेनासं होतं.

आता खराटा आणि गाडगं म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं ते मला माहीत आहे. गाडगेबाबांचा जन्म १८७६चा, आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचा. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, जातीनं परीट. वडील गेल्यावर अकोल्याकडे मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाकडे वाढले. १९०५ साली घर सोडलं. मग गावात शिरायचं ते खराटा घेऊनच; दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तनातून माणसांची डोकी. १९५६च्या २० डिसेंबरला ते गेले. समाधी इथेच, गाडगेनगरात.

या दोन वस्तूंना आणखी एक इतिहास आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेलं, पण करू न दिलेलं जातिनिर्मूलनावरचं भाषण पुष्कळजणींनी वाचलं असेल. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधावा लागे, आपली पावलं पुसत जाण्यासाठी. आणि थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडकं, असं त्यात लिहिलंय. तोच झाडू, तेच मडकं! गाडगेबाबांनी ते आपल्या मर्जीनं उचललं आणि त्याचा अर्थ उलटा केला. मला हे फार मोठं वाटतं.

पण एक प्रश्न मला सोडत नाही. ते घरातून निघाले तेव्हा मागे आई सखूबाई होती, पत्नी कुंताबाई होती, लेकरं होती. त्या घरातला केर कोणी काढला असेल? बाबांना कमीपणा आणायला मी हे विचारत नाही. पुरुषानं खराटा घेतला तर तो संत, बाईनं घेतला तर ती बाई, आणि नगरपालिकेच्या कामावरच्या बाईनं घेतला तर जात. एकाच वस्तूचे हे तीन अर्थ होतात, एवढंच म्हणते. २००० साली बाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, २०१४ साली दिल्लीहून आणखी एक. लांब दांड्याचे नवे कोरे झाडू घेतलेल्या पुढाऱ्यांचे फोटो आपण पाहिलेत. दुसऱ्या दिवशी पहाटे रस्त्यावर कोण होतं तेही पाहिलंय.

आता आपल्याबद्दल. १९७२ साली मुंबईत महागाईविरुद्ध बाया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर पुढे होत्या. स्वयंपाकघरातली वस्तू हत्यार झाली, ही आपल्या चळवळीची शान. त्याच धुंदीत आमच्या गटानं दारूविरोधी पत्रकावर खराटा उगारलेल्या बाईचं चित्र टाकायचं ठरवलं. चित्र मीच निवडलं होतं. अकोल्याच्या बैठकीत ते फिरवलं. सगळ्यांना आवडलं. सफाईकाम करणाऱ्या घरातली एक मैत्रीण मात्र गप्प. विचारल्यावर म्हणाली, “ताई, माह्या मायनं जलमभर खराटा धरला. तुमाले तो हत्यार वाटते. माह्या हातातून सुटावा म्हनून तिनं मले शायेत घातलं.”

मी आधी समजावायला गेले. प्रतीकाचा अर्थ आपण बदलू शकतो, गाडगेबाबांनी बदलला, वगैरे. ती म्हणाली, “बाबांले तो खाली ठेवता येत होता.” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. माझ्या घरी खराटा माझ्याही हातात असतो, पण त्याला बघून मला कोणी जात विचारत नाही, आणि हे तिनं सांगेपर्यंत मला सुचलंही नव्हतं.

पत्रक शेवटी चित्राशिवाय छापलं. काहीजणींना अजून वाटतं की आम्ही उगीच माघार घेतली. त्या इथे बसल्या आहेत, त्यांनीही बोलावं. पुढचं पत्रक ८ मार्चच्या आधी काढायचंय. चित्र कोणतं घ्यायचं ते दुपारच्या सत्रात ठरवू. ती मैत्रीणही येणार आहे, अकोल्याची गाडी जरा उशिरा पोचते.